खोटे नाणे चालवणाऱ्याची शिक्षा : बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागातून एक आढावा

प्रश्न कोणता

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा चर्चा झाली ती राजद्रोह, झुंडबळी, संघटित गुन्हेगारी यांसारख्या कलमांची. नाण्यांच्या कलमांकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत २३० ते २५४ ही सगळी कलमे केवळ नाण्यांच्या गुन्ह्यांसाठी राखलेली होती. नव्या संहितेत ती नोटा आणि सरकारी मुद्रांकांबरोबर मोजक्या कलमांत एकत्र आली. एकत्र येताना एक जुना भेद गळाला. खोटे आहे हे ठाऊक असूनच नाणे हाती घेणारा आणि ते चालवणारा एक; खरे समजून घेतलेले नाणे खोटे निघाल्यावर आपला तोटा दुसऱ्याच्या गळ्यात घालणारा दुसरा. जुन्या कायद्यात पहिल्याला भारतीय नाण्याच्या बाबतीत दहा वर्षांपर्यंत कैद होती, दुसऱ्याला जास्तीत जास्त दोन वर्षे. आता दोघांनाही एकच कलम लागू होते आणि त्याची कमाल शिक्षा जन्मठेप आहे.

हा बदल योग्य की अयोग्य, यावर दोन्ही बाजूंनी सांगण्यासारखे आहे आणि ते पुढे येईलच. आढाव्यासाठी बीदर आणि कलबुर्गी हे जिल्हे निवडले त्याला कारण आहे. या पट्ट्यात नाण्यांवरून लोकांचे जीव गेल्याची नोंद आहे. दोन सरकारांचे दोन रुपये येथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी चालले. आजही भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतला माणूस उदगीर, निलंगा, उमरगा, अक्कलकोटच्या बाजारांशी जोडलेला आहे. खिशातले नाणे रोज राज्याची सीमा ओलांडते, आणि दोन्हीकडे कायदा एकच असला तरी त्याचा अर्थ लावणारी उच्च न्यायालये दोन आहेत.

गुलबर्ग्याची जुनी नोंद

शिक्षेचा इतिहास पाहताना दोन टोके चौदाव्या शतकातच भेटतात. १३२९-३० च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने चांदीच्या टंक्याच्या किमतीची तांब्या-पितळेची नाणी काढली. ती दौलताबादेतही पाडली गेली आणि दख्खनचा हा भाग तेव्हा दिल्लीच्याच ताब्यात होता. धातू स्वस्त, छाप सोपा आणि दर्शनी किंमत मोठी, त्यामुळे घरोघरी टाकसाळी निघाल्याची तक्रार इतिहासकार बरनी करतो. पुढे सुलतानाने ती नाणी मागे घेतली आणि खजिन्यातून त्यांच्या बदल्यात चांदी-सोने दिले. सरकारने पाडलेले कोणते आणि घरी पाडलेले कोणते, हे ओळखणेच अवघड होऊन बसल्यामुळे शिक्षेऐवजी भरपाई झाली आणि तोटा राज्याने सोसला.

दुसरे टोक गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभे राहिले. दुसरा सुलतान मुहम्मद शाह पहिला याने सोन्या-चांदीची नाणी पाडली. इतिहासकार फिरिश्ता लिहितो की विजयनगर आणि तेलंगणच्या राजांच्या चिथावणीने सराफ ती नाणी वितळवू लागले, कारण त्यांना विजयनगरची होन आणि प्रताप हीच नाणी चलनात राहायला हवी होती. ताकीद देऊनही हे थांबले नाही. मग १३६० मध्ये सुलतानाने राज्यातल्या सराफांची कत्तल करवली, आणि त्यांच्या जागी उत्तरेतून आलेल्या खत्रींना सराफीचा धंदा करू दिला. फिरिश्त्याने हे विजापुरात, अडीचशे वर्षांनी लिहिले, त्यामुळे तपशील जपूनच घ्यावा लागतो. तरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या सराफांवर खोटी नाणी पाडल्याचा आरोप नव्हताच, आरोप होता चांगले नाणे चलनातून नाहीसे केल्याचा. नाण्याशी छेडछाड म्हणजे थेट राजसत्तेवर हात उगारणे, ही समजूत त्या शिक्षेच्या मुळाशी होती. युरोपातही तीच होती. इंग्लंडात नाणे पाडणे शतकानुशतके राजद्रोहात मोडत होते, आणि त्यासाठीची फाशी १८३२ मध्ये गेली.

आपल्याकडची अधिक जुनी परंपरा याहून बारकाईने विचार करते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खोटे नाणे पाडवून घेणारा, स्वीकारणारा आणि चलनात सोडणारा या तिघांनाही सारखाच हजार पणांचा दंड आहे. वधाची शिक्षा आहे ती खोटे नाणे राजाच्या खजिन्यात टाकणाऱ्याला. म्हणजे बनवणारा आणि चालवणारा यांना एकाच मापाने मोजण्याची कल्पना २०२३ मध्ये नव्या संहितेलाच पहिल्यांदा सुचली असे नाही. त्याच ग्रंथात नाणी पारखणाऱ्या अधिकाऱ्यालाही दंड सांगितला आहे: चालते नाणे त्याने नाकारले किंवा नाकारण्यासारखे चालू दिले, तर बारा पण. चांगल्या नाण्यावर संशय घेणे हाही बाजाराचा अपराध मानला जात होता. दहा रुपयांच्या नाण्याच्या संदर्भात याची आठवण पुन्हा येईल.

हाली आणि कलदार

निजामाच्या राज्यात नाण्यांचा गोंधळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालला. ठिकठिकाणच्या टाकसाळींचे वेगवेगळ्या कसाचे रुपये बाजारात होते आणि त्यांच्यात फरक करून बट्टा घेणे हाच सराफांचा धंदा होता. १८५८ पर्यंत नाण्यांवर मोगल बादशहाचे नाव होते, त्यानंतर आसफजाही नाव आले. दिवाण सालारजंगाच्या सुधारणांनी टाकसाळ हैदराबादेत एकवटली आणि हाली सिक्का रुजला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्यावर चारमिनार दिसू लागला.

हाली रुपया ब्रिटिशांच्या कलदार रुपयापेक्षा वजनाने हलका होता आणि त्यात चांदीही कमी होती. हालीत शेकडा सुमारे ८२ भाग चांदी, कलदारात सुमारे ९२. सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब बसला. शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. सोलापूरला कापूस किंवा तूर घेऊन जाणाऱ्या आळंदच्या व्यापाऱ्याला हा हिशेब तोंडपाठ असावा लागे.

कायद्याच्या दृष्टीने या दोन रुपयांची किंमत आणखी एका प्रकारे वेगळी होती. दंडसंहितेने नाण्यांचे दोन वर्ग केले होते. कोणत्याही राज्याने वा सार्वभौम सत्तेने पैसा म्हणून वापरण्यासाठी पाडलेला धातू म्हणजे ‘नाणे’. आणि राणीच्या, पुढे भारत सरकारच्या, अधिकाराने पाडलेले ते खास संरक्षणाचे नाणे. सोलापूर जिल्ह्यात दंडसंहिता लागू होती. त्या व्याख्येप्रमाणे तिथे खोटा कलदार पाडणाऱ्याला काळे पाणी होऊ शकत होते, खोटा हाली पाडणाऱ्याला सात वर्षे. जाणूनबुजून खोटा कलदार चालवला तर दहा वर्षांपर्यंत, खोटा हाली चालवला तर पाच. नाण्यातली चांदी मोजून हा फरक केलेला नव्हता. आपल्या सरकारचे नाणे आणि शेजारच्या सरकारचे नाणे, एवढाच तो होता.

हैदराबाद संस्थानात न्यायव्यवस्था निजामाची होती. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतरही हाली रुपया लगेच नाहीसा झाला नाही. पन्नासच्या दशकात तो टप्प्याटप्प्याने गेला. दंडसंहिता मात्र १ एप्रिल १९५१ पासून हैदराबाद राज्याला लागू झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले: उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात. शेती, नाती आणि भाषा यांच्यामधून रेषा गेली, पण दंडसंहिता दोन्ही बाजूंना तीच राहिली.

१८६० च्या पायऱ्या

दंडसंहितेचा पहिला मसुदा मॅकॉले, मॅक्लिऑड, अँडरसन आणि मिलेट यांच्या आयोगाने १८३७ मध्ये तयार केला. त्याला जोडलेल्या टिपणांत नाण्यांवरही एक टीप आहे. या वादात आजवर तिच्याइतके स्पष्ट मला दुसरे काही आढळलेले नाही, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबतो.

आयोगाचे म्हणणे असे. खोटी नाणी चालवणे हाच ज्याचा धंदा आहे, तो नाणी पाडणाऱ्याचा हस्तक असतो. चोर आणि चोरीचा माल घेणारा यांच्यात जे नाते असते तेच या दोघांत असते. चालवणारा मिळाला नाही तर पाडणाऱ्याचा उद्योग बंद पडेल, म्हणून त्याला कडक शिक्षा हवी. पण गाफीलपणे एक खोटा रुपया हाती आलेला आणि तो पुढच्याच्या गाफीलपणाचा फायदा घेऊन चालवून टाकणारा माणूस अगदी निराळा. त्याने लबाडी केली यात शंका नाही. पण त्याच्या मनात कमाईची हाव नव्हती. गरीब माणसाला मोठा वाटणारा तोटा टाळण्याची धडपड होती. त्याच्या कृत्याने नाणी पाडणाऱ्याच्या धंद्याला हातभार लागत नाही. फसवणुकीच्या सगळ्या अपराधांत हा बहुधा सर्वांत सौम्य, असा निष्कर्ष आयोगाने काढला.

यातूनच कायद्याच्या पायऱ्या बनल्या. वर पाडणारा आणि त्याची हत्यारे. त्याखाली, मिळाले तेव्हाच खोटे हे ठाऊक असलेले नाणे चालवणारा, कलम २३९ आणि २४०. मग तसे नाणे बाळगणारा, २४२ आणि २४३. आणि सगळ्यांत खाली कलम २४१: हातात आले तेव्हा ज्याला खोटे हे ठाऊक नव्हते, पण ठाऊक झाल्यावर ज्याने ते खरे म्हणून दिले. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा नाण्याच्या किमतीच्या दहापटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही. संहितेच्या उदाहरणात एक साखळी दिली आहे. पाडणारा साथीदाराला कंपनीचे खोटे रुपये देतो, साथीदार ते दुसऱ्या जाणत्या चालवणाऱ्याला विकतो, तो त्यातून माल घेतो, आणि माल देणाऱ्याला नंतर रुपये खोटे असल्याचे कळते, तरी तो ते पुढे देतो. या शेवटच्याला फक्त २४१ लागू, आधीच्यांना जड कलमे. येथे मात्र हाली-कलदार असा भेद नव्हता. नाणे कोणाचेही असो, शेवटच्या माणसाची पायरी तीच.

बदल केलेल्या नाण्यांसाठी अशीच समांतर रांग होती. कड कातरून वा घासून वजन कमी करणे, धातूचे मिश्रण बदलणे, हलक्या किमतीच्या नाण्याचे रूप बदलून ते भारी नाणे म्हणून चालावे असे करणे, हे २४६ ते २४९ मध्ये. ते नाणे जाणून चालवणारा २५० आणि २५१ मध्ये. आणि नंतर कळल्यावर पुढे सरकवणाऱ्यासाठी २५४, शिक्षा २४१ सारखीच. चांदीचे नाणे होते तोवर या रांगेला अर्थ होता, कारण कातरलेली चांदी विकता येत होती. आजच्या पोलादी नाण्याची कड घासून कोणी श्रीमंत होत नाही.

‘ठाऊक होते’ हे ठरवायचे कसे

सगळी शिक्षा जाणिवेवर उभी असेल, तर जाणीव सिद्ध कशी करायची हा खटल्यातला खरा प्रश्न असतो. १८७२ च्या पुरावा कायद्याने याचे उत्तर नाण्याचेच उदाहरण घेऊन दिले होते. आरोपीकडे त्याच वेळी आणखी खोटी नाणी सापडली, तर ती गोष्ट त्याच्या जाणिवेचा पुरावा म्हणून संबद्ध. त्याने थोड्याच वेळात आणखी दोघा-तिघांना तशीच नाणी दिली असतील, तर ती चूक नव्हती हे दाखवायला तेही संबद्ध. टाकसाळीच्या अधिकाऱ्याचा अहवाल पुरावा म्हणून घेण्याची सोयही फौजदारी प्रक्रियेत आहे. त्यातून नाणे खोटे हे सिद्ध होते. माणसाला ते ठाऊक होते की नाही, हे त्या अहवालातून कळत नाही.

नाण्यांचे खटले आता विरळ झाल्याने न्यायालयांचे विवेचन मिळते ते नोटांच्या खटल्यांत. १९७९ मध्ये कर्नाटकातूनच गेलेल्या एम. मम्मुट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की नुसते पाहून कोणाही सामान्य माणसाला खोटी वाटेल अशी नोट असल्याशिवाय, ती जवळ सापडली एवढ्यावरून जाणीव गृहीत धरता येत नाही. २००१ च्या उमाशंकर खटल्यात, आंबे घ्यायला शंभराची खोटी नोट दिली असा आरोप असलेल्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला निर्दोष सोडताना, जाणीव किंवा तसे मानायला कारण असणे हा गुन्ह्याचा गाभा आहे, तो सरकार पक्षाने सिद्ध केला पाहिजे, हे न्यायालयाने पुन्हा ठासून सांगितले.

इथे एक बारीक पण महत्त्वाचा फरक आहे. नोटांच्या जुन्या कलमात ‘ठाऊक असताना किंवा तसे मानायला कारण असताना’ अशी शब्दरचना होती. नाण्यांच्या कलमांत ती नव्हती; तिथे सरळ ‘ठाऊक असणे’ लागत होते, आणि तेही नाणे हाती आले त्या क्षणी. नव्या संहितेने नोटांची शब्दरचना नाण्यांना लावली.

नव्या संहितेत काय उरले

कलम १७८ नाणे, मुद्रांक, नोट यांपैकी काहीही खोटे बनवण्याबद्दल: जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. याच्या स्पष्टीकरणात वजन घटवणे, मिश्रण बदलणे, रूप बदलणे हे सगळे ‘नाणे खोटे करणे’ यातच धरले आहे. कलम १७९ अशा वस्तू आणणे, विकणे, देणे, घेणे किंवा खऱ्या म्हणून वापरणे याबद्दल, जाणून किंवा तसे मानायला कारण असताना. शिक्षा १७८ इतकीच. कलम १८० खरे म्हणून वापरण्याच्या हेतूने बाळगण्याबद्दल सात वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. त्यात एक नवे स्पष्टीकरण आहे: वस्तू कायदेशीर मार्गाने आपल्याकडे आली हे दाखवले तर बाळगणे हा गुन्हा नाही. २४१ आणि २५४ ला नव्या संहितेत जोडीदार नाही.

याशिवाय दोन कायदे सोबत आहेत. २०११ च्या नाणे अधिनियमाने जुने नाणे कायदे, त्यात चिल्लरटंचाईच्या काळातला १९७१ चा लहान नाण्यांचा कायदाही, रद्द करून एकत्र केले. नाणी वितळवण्याला त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. फिरिश्त्याच्या सराफांवरचा आरोप आजही कायद्यात आहे, फक्त शिक्षा माणुसकीची झाली आहे. दुसरा कायदा बेकायदा कारवाया प्रतिबंधाचा. उच्च दर्जाच्या खोट्या भारतीय नोटा वा नाणी बनवून, तस्करी करून किंवा चलनात आणून देशाच्या आर्थिक स्थैर्याला धक्का देणे, हे २०१२ च्या दुरुस्तीने दहशतवादी कृत्यात घातले.

१ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या कृत्यांना जुनीच संहिता लागू राहते. म्हणजे काही वर्षे एकाच न्यायालयात, एकाच प्रकारच्या आरोपासाठी, एकाला दोन वर्षांची आणि दुसऱ्याला जन्मठेपेची कमाल मर्यादा असू शकते.

दोन बाजू

एकत्रीकरणाच्या बाजूने बोलणारे पहिली गोष्ट सांगतात ती सुटसुटीतपणाची. पंचवीस कलमांतली बहुतेक कलमे ‘कोणतेही नाणे’ आणि ‘भारतीय नाणे’ अशा जोड्यांची होती. परक्या राज्याचे नाणे घरोघर चालत होते त्या काळची ती गरज. आज बीदरच्या बाजारात दुसऱ्या सरकारचे नाणे नाही. दुसरी गोष्ट, शिक्षेला किमान मर्यादा नाही. न्यायाधीश दहा रुपयांच्या नाण्यासाठी चार दिवसांचीही कैद देऊ शकतो. इंग्लंडने १९८१ च्या कायद्यात हेच केले: जाणून खोटे नाणे चालवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतचे एकच कलम, आणि कोणाला किती हे न्यायाधीशावर. तिसरी गोष्ट तपासाची. चालवणारा पकडला की प्रत्येक जण ‘मला बाजारातच मिळाले’ म्हणतो. सौम्य कलमाची वाट मोकळी असली की टोळीचा हस्तकही तिच्यातून निसटतो. खोटी नाणी आता कारखान्यांत बनतात, २०१६ मध्ये दिल्लीच्या बवाना भागात पाच आणि दहा रुपयांची नाणी पाडणारा कारखाना पोलिसांनी पकडला होता. असा माल खपतो तो किरकोळ व्यवहारातूनच, एकेक नाणे करून.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की कमाल शिक्षा म्हणजे केवळ निकालाच्या दिवशी बघायचा आकडा नव्हे. तिच्यावरून खटला कुठे चालणार, जामीन कसा मिळणार, परिवीक्षा मिळणार की नाही हे ठरते. २४१ चा खटला दंडाधिकाऱ्यापुढे चालत होता. १७९ चा सत्र न्यायालयात जातो. जन्मठेपेच्या गुन्ह्यात दंडाधिकाऱ्याचे जामिनाचे अधिकार आकुंचित होतात. स्त्रिया, मुले, आजारी यांना अपवाद आहे, पण हातगाडीवाल्या तरुणाला नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात समज देऊन सोडता येत होते. जन्मठेपेच्या गुन्ह्याला त्याचे दार साधारणपणे बंद आहे. त्याच न्याय संहितेत पाच हजार रुपयांच्या आतली पहिली चोरी, माल परत केल्यास, समाजसेवेच्या शिक्षेवर मिटते. चार हजारांची वस्तू चोरणारा आणि दहा रुपयांचे खोटे नाणे सरकवणारा यांपैकी कायदा कोणाला जास्त घाबरतो, हा या बाजूचा प्रश्न आहे. मला तो वजनदार वाटतो. सुटसुटीतपणाचा मुद्दाही खरा आहे. पण जोड्या काढून टाकण्यासाठी शेवटची पायरी काढायची गरज नव्हती. एक उपकलम ठेवता आले असते.

‘मानायला कारण असताना’ या शब्दांवरही मतभेद आहे. संहितेच्या व्याख्येनुसार पुरेसे कारण लागते, नुसता संशय चालत नाही, म्हणून भीती अनाठायी आहे असे एक मत. इंग्लंडच्या कायद्यात मात्र आरोपीला स्वतःला काय वाटत होते हे पाहिले जाते, तर आपल्याकडे त्याला काय वाटायला हवे होते हे बघितले जाऊ शकते, असे दुसरे. अमेरिकेत नाण्यात फसवणुकीने फेरफार करणे पाच वर्षांचे आणि खोटे नाणे बनवणे-चालवणे पंधरा वर्षांचे अशी दोन वेगळी कलमे अजून आहेत, आणि फेरफार करणे व चालवणे या दोन्हींना फसवणुकीचा हेतू लागतो.

बाजारातला संशय

दहा रुपयांचे द्विधातू नाणे २००९ पासून चलनात आहे. रुपयाचे चिन्ह नसलेले किंवा कडेला पंधरा पट्ट्या असलेले नाणे खोटे, अशी अफवा देशाच्या अनेक भागांत पसरली आणि दुकानदार, बसवाहक ते नाकारू लागले. १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने तोवर काढलेल्या चौदाही नमुन्यांची दहाची नाणी वैध असल्याचे जाहीर केले. तरी नकार कित्येक गावांत टिकला.

जाणिवेच्या प्रश्नाशी याचा सरळ संबंध आहे. जिथे सगळा बाजार खऱ्या नाण्यावरच संशय घेतो, तिथे एखाद्या विक्रेत्याला ‘खोटे मानायला कारण’ होते असे कशावरून ठरवायचे? गिऱ्हाईक म्हणाले की हे खोटे आहे, तर ते कारण पुरेसे का? अफवेने दहा वेळा चुकीचा ठरवलेला माणूस अकराव्या वेळी बरोबर ओळखेल, ही अपेक्षा न्यायाची नाही. आणि खरे नाणे नाकारणाऱ्याला कौटिल्याच्या पारख्यासारखा दंड कोणी करत नाही. ब्रिटनने दुसरा मार्ग घेतला. तिथे एक पौंडाच्या नाण्यांपैकी शेकडा तीनच्या आसपास खोटी निघू लागली, तेव्हा २०१७ मध्ये बारा कडांचे, नक्कल करायला कठीण असे नाणे काढून जुने मागे घेतले. शिक्षेपेक्षा नाण्याची घडण हा उपाय काहींना अधिक परिणामकारक वाटतो. आपल्याकडे वीस रुपयांचे नाणेही बारा कडांचे आहे.

रूपांतरित नाण्यांबद्दल या भागात एक खास प्रश्न आहे. कलबुर्गी आणि बीदरच्या तांड्यांवर बंजारा स्त्रियांच्या कपड्यांवर आणि दागिन्यांत नाणी असतात. त्यांना भोक पाडलेले असते किंवा कडी डाकलेली असते. जुन्या कलमांत फसवणुकीचा वा अप्रामाणिक हेतू स्पष्ट लिहिला होता. नव्या स्पष्टीकरणात रूप बदलणे हे शब्द एकटेच उभे आहेत. ‘खोटे करणे’ याच्या सामान्य व्याख्येत फसवणुकीचा हेतू आहे, त्यामुळे दागिन्यातले नाणे गुन्ह्यात येऊ नये, असेच वाचणे मला सयुक्तिक वाटते. तसे कलमात लिहिले असते तर वाचण्यावर सोडावे लागले नसते.

जुन्या नाण्यांच्या संग्राहकांचाही एक कोपरा आहे. आज कोणी बनावट हाली रुपया किंवा बहमनी तांब्याचे नाणे अस्सल म्हणून विकले, तर ते चलनी नाणे नसल्याने १७८-१७९ मध्ये बसत नाही. ती साधी फसवणूक ठरते. याबाबत वाद फारसा नाही.

काय सुटलेले नाही

सर्वांत मोठा उरलेला प्रश्न १७९ आणि १८० यांच्या सांध्याचा आहे. कायदेशीर मार्गाने मिळालेले नाणे बाळगणे गुन्हा नाही, असे १८० म्हणते. भाजी विकून मिळालेले नाणे कायदेशीर मार्गानेच आलेले असते. मग ते खोटे आहे हे कळल्यावर भाजीवालीने काय करायचे? ठेवले तर गुन्हा नाही, दिले तर १७९. बँकेत नेले तर २०११ च्या अधिनियमाप्रमाणे अधिकृत व्यक्तीने ते तोडायचे आणि तोटा आणणाऱ्याचा. कायद्याने तिच्यासमोर एकच निर्दोष वाट ठेवली आहे, तोटा सोसण्याची. १८३७ च्या आयोगाने ज्या माणसाची बाजू समजून घेतली तो नेमका हाच.

प्रशासनाने नोटांच्या बाबतीत व्यवहारात एक पायरी ठेवलेली आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार एका व्यवहारात चारपर्यंत खोट्या नोटा आल्या तर बँक त्या जप्त करून महिन्याच्या एकत्रित अहवालात पोलिसांना कळवते. पाच किंवा अधिक असल्या तर गुन्हा नोंदवायला कळवते. मोजक्या नोटा हातात आलेला माणूस आणि गठ्ठा आणणारा माणूस हे वेगळे, हे तिथे मान्य आहे. पण हा नियम बँकेच्या खिडकीपुरता. भालकीच्या आठवडे बाजारात दोन विक्रेत्यांमध्ये भांडण होऊन पोलीस आले, तर तो लागू नाही.

उरलेले काम न्यायालयांचे. बीदर-कलबुर्गीची अपिले कर्नाटक उच्च न्यायालयाच्या कलबुर्गी खंडपीठापुढे जातात, उदगीर-उमरग्याची मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे, आणि सोलापूर-अक्कलकोटची २०२५ पासून कोल्हापूरच्या फिरत्या खंडपीठापुढे. १८० चे स्पष्टीकरण १७९ च्या अर्थावर प्रकाश टाकते का, नंतर कळलेल्या माणसाला शिक्षा ठरवताना २४१ ची जुनी मर्यादा मार्गदर्शक मानता येईल का, आणि ‘मानायला कारण’ हे बाजाराच्या अफवेपासून कसे वेगळे काढायचे, हे तीन मुद्दे आज ना उद्या त्यांच्यापुढे येतील. एकाच बाजारपेठेच्या दोन टोकांना त्यांची उत्तरे वेगळी आली, तर सर्वोच्च न्यायालयाला किंवा संसदेलाच ती जुळवावी लागतील.